आक्षेप म्हणजे नकार नव्हे

गोसीखुर्दहून आम्ही बोलतो आहोत. आम्ही म्हणजे आमच्या बचत गटातल्या बाया. धान रोवणीचे दिवस असोत की धरणाचे दरवाजे उघडायचे दिवस, ठरल्या वेळेला आम्ही रेडिओवर हजर असतो. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आज आम्ही आकाशात फिरणाऱ्या दोन उपग्रहांना लोहचुंबकाने जोडणाऱ्या एका यंत्राबद्दल बोलणार आहोत, आणि त्या यंत्राच्या पेटंटची सरकारदरबारी परीक्षा कशी होते त्याबद्दल.

हा विषय आमच्या गटात आला तो कर्जाच्या वहीतून. आमच्यातल्या एका ताईंनी मुलीसाठी गटातून १५,००० रुपये उचलले होते. मुलगी नागपूरला इंजिनिअरिंग शिकते. कर्जाचं कारण म्हणून वहीत लिहिलं होतं, "पेटंटची फी". आम्ही अंगठे दिले, सह्या दिल्या. पेटंट म्हणजे काय ते फारसं कुणी विचारलं नाही. मग एका बैठकीला ताई आल्या त्या रडवेल्या होऊन. हातात छापील कागदांचा गठ्ठा. म्हणाल्या, "पोरीच्या अर्जावर सरकारनं आक्षेप घेतले वं. दोन दावे नवे नाहीत म्हणते. नापास झाली पोरगी. गटाचे पैसे बुडाले."

तो गठ्ठा आम्ही सगळ्यांनी मिळून समजून घेतला. मुलीला फोन लावला, तिच्या मैत्रिणीला लावला. महिनाभर आमच्या बैठकीत हप्त्यांइतकीच चर्चा त्या कागदांची झाली. दोघींच्या परवानगीने, त्यांची नावं न घेता, ते सगळं आज तुम्हाला सांगतो. अर्ज पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात छापून आलेला आहे, त्यामुळे त्यातलं गुपित आता गुपित राहिलेलं नाही. छापून यायच्या आधी असतं, तर आम्ही रेडिओवर एक शब्द बोललो नसतो. का, ते पुढे सांगतो.

आधी यंत्र काय आहे ते बघू.

तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. ३० डिसेंबर २०२४ रोजी इस्रोने श्रीहरिकोट्याहून दोन उपग्रह सोडले. मोहिमेचं नाव स्पेडेक्स. प्रत्येक उपग्रह साधारण २२० किलोचा. जमिनीपासून ४७५ किलोमीटर उंचीवर, तासाला २७ हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने दोघे पळत होते. त्या पळापळीत त्यांना एकमेकांजवळ आणून जोडायचं होतं. दोनदा तारीख पुढे ढकलावी लागली. १२ जानेवारीला ते एकमेकांपासून ३ मीटरवर आणून पुन्हा मागे नेले. शेवटी १६ जानेवारी २०२५ ला जोडणी झाली. अमेरिका, रशिया आणि चीननंतर हे जमलेला आपला चौथा देश. दोघे पृथ्वीभोवती इतक्या वेगाने पळत असले तरी एकमेकांजवळ येताना त्यांचा आपसातला वेग सेकंदाला सुमारे १० मिलिमीटर, म्हणजे मुंगीसारखा. जोरात आदळले तर दोघेही एकमेकांना ढकलून दूर जातील. तिथे पायाखाली जमीन नाही की घट्ट धरून ठेवायला भिंत नाही.

हे जोडणं कशाला हवं? उद्या आपलं अंतराळ स्थानक बांधायचं तर त्याचे भाग वर नेऊन एकेक करून जोडावे लागतील. चंद्रावरची माती आणायची तरी वाटेत जोडणी लागेल. एखाद्या उपग्रहाचं इंधन संपलं तर दुसऱ्याने जाऊन भरता येईल. बंद पडलेला उपग्रह पकडून खाली आणता येईल.

इस्रोच्या जोडणीत मोटरवर चालणारी यंत्रणा आहे. लहान उपग्रहांत मात्र एवढ्या यंत्रणेला जागा नसते, वजनही परवडत नाही. म्हणून काही जण लोहचुंबक वापरतात. जपानच्या ॲस्ट्रोस्केल कंपनीने २०२१ मध्ये तसं करून दाखवलं. एका उपग्रहावर चुंबक, दुसऱ्यावर लोखंडी गुणाची चकती. धाकटा उपग्रह सोडला आणि मोठ्याने चुंबकाने परत पकडला.

आता चुंबक आपल्याला काही नवा नाही. राईस मिलमध्ये धान पडतं तिथे चुंबक बसवलेला असतो, खिळे आणि लोखंडाचे तुकडे त्याला चिकटतात. शिवणकाम करणाऱ्या बाया जमिनीवर सांडलेल्या टाचण्या चुंबकाने गोळा करतात. फ्रिजच्या दाराच्या रबरात चुंबक असतो, पर्सच्या झाकणात असतो. मग आकाशात अडचण काय? मुलीने आम्हाला फोनवर समजावलं. पृथ्वी स्वतःच मोठा चुंबक आहे. होकायंत्राची सुई जशी उत्तरेकडे वळते, तसा चुंबक लावलेला उपग्रहही वळायला बघतो. शिवाय उपग्रहाची दिशा सांगणारी नाजूक उपकरणं मोठ्या चुंबकाजवळ गोंधळतात. म्हणून चुंबक एरवी झोपलेला पाहिजे आणि दुसरा उपग्रह अगदी जवळ आल्यावरच जागा झाला पाहिजे. विजेवरचा चुंबक घेतला तर तो धरून ठेवायला सतत वीज लागते, आणि लहान उपग्रहाकडे वीज मोजकीच.

तिने आणि तिच्या मैत्रिणीने उपाय काढला तो असा. चुंबक एका लोखंडी घरात फिरता ठेवायचा. एका बाजूला फिरवला की त्याचं बळ त्या घरातच अडकून राहतं. दुसऱ्या बाजूला फिरवला की बाहेर येतं. फिरवायला एक ताणून ठेवलेली स्प्रिंग. आणि ती स्प्रिंग सुटते कशाने, तर दुसऱ्या उपग्रहाची दांडी नरसाळ्यासारख्या खाचेत शिरून आतल्या एका खिट्टीला हलकेच लागते तेव्हा. आमच्यातल्या एकीने लगेच ओळखलं, "हा तर उंदराचा पिंजरा!" भाकरीच्या तुकड्याला उंदराचं तोंड लागलं की खटका पडतो, तसंच. पुढे सोडवायचं असेल तेव्हा एक छोटी मोटर सावकाश ती स्प्रिंग पुन्हा ताणून ठेवते. धरून ठेवायला वीज लागतच नाही.

आता परीक्षा.

आपल्याकडे १९७० चा पेटंट कायदा आहे. पेटंट मिळालं की अर्ज केल्याच्या तारखेपासून २० वर्षं ते यंत्र दुसऱ्या कुणाला तुमच्या परवानगीशिवाय बनवता-विकता येत नाही. त्याच्या बदल्यात तुम्ही आपली युक्ती सगळ्यांना समजेल अशी लिहून द्यायची. कार्यालयं चार आहेत: कोलकाता, दिल्ली, चेन्नई आणि मुंबई. आपल्या महाराष्ट्राचे अर्ज मुंबईला. आणि एक गोष्ट ऐकून आम्हाला फार बरं वाटलं. हे अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांचं प्रशिक्षण आपल्या नागपुरात होतं, सिव्हिल लाईन्समध्ये, राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेत. पवनीहून भिवापूर, उमरेड करत आपण ज्या नागपूरला दवाखान्यासाठी जातो, तिथेच.

अर्ज केला म्हणजे परीक्षा आपोआप होत नाही. परीक्षा घ्या, अशी वेगळी मागणी करावी लागते, तिची वेगळी फी असते आणि तिलाही मुदत आहे. २०२४ च्या नव्या नियमांनी ती ३१ महिन्यांची केली, आधी ४८ होती. ही मागणी राहून गेली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. ऑनलाईन अर्जाची फी व्यक्तीला १,६०० रुपये आणि साध्या परीक्षेची ४,००० रुपये. बायांसाठी एक सोय आहे, ती नीट ऐका. २०१९ पासून अर्जदारांत एक जरी स्त्री असेल तर लवकर परीक्षेची मागणी करता येते. अट अशी की सगळे अर्जदार व्यक्ती असले पाहिजेत. तिची फी व्यक्तीला ८,००० रुपये. या दोघींनी कॉलेजची लेखी परवानगी घेऊन स्वतःच्या नावाने अर्ज केला आणि हीच सोय घेतली. गटाचे पैसे गेले ते इथे आणि अर्ज लिहून देणाऱ्याच्या मेहनतान्यात.

परीक्षक बघतो काय? अर्जाच्या शेवटी "दावे" असतात, एक, दोन, तीन असे क्रमाने. शेताच्या चतुःसीमा लिहितात ना, पूर्वेला नाला, पश्चिमेला अमक्याची बांधी, तसे हे दावे. कुठवर माझं, ते त्यात लिहिलेलं असतं. परीक्षक एकेक दावा घेतो आणि विचारतो. हे जगात कुठे आधी छापलं गेलं आहे का, वापरलं गेलं आहे का? नसेल, तर त्या कामातल्या जाणकार माणसाला जुन्या दोन गोष्टी एकत्र करून हे सहज सुचलं असतं का? हे प्रत्यक्ष बनवून वापरता येतं का? कायद्याच्या कलम ३ मध्ये ज्यांना पेटंट मिळत नाही अशा गोष्टींची यादी आहे, त्यात हे बसतं का? आणि लिहिलेलं पुरेसं स्पष्ट आहे का, की वाचून दुसऱ्याला करता येईल?

शोधायचं कुठे, त्यालाही शिस्त आहे. जगभरच्या पेटंटांना विषयवार खुणा दिलेल्या असतात. अंतराळयानांचा कप्पा बी ६४ जी, आणि त्यात यानं जोडण्या-सोडण्याचा एक उपकप्पा. पण चांगला परीक्षक तेवढ्यावर थांबत नाही. चुंबकाच्या कप्प्यातही बघतो, आणि कारखान्यातल्या अवजारांच्याही.

तसंच झालं. पहिला दावा होता: दोन उपग्रह, एकावर चुंबक, दुसऱ्यावर लोखंडी चकती. परीक्षकाने जुने कागद पुढे ठेवले आणि लिहिलं, हे नवं नाही. खरंच होतं ते. दुसरा दावा होता: लोखंडी घरात फिरवून चालू-बंद होणारा चुंबक. परीक्षकाने दाखवलं की लेथवर काम करणारे फिटर जो मॅग्नेटिक बेस वापरतात, त्याची मूठ फिरवली की तो पोलादाला चिकटतो, उलटी फिरवली की सुटतो. कित्येक वर्षांची वस्तू. ती उचलून उपग्रहावर लावणं जाणकाराला सहज सुचेल. मुलगी म्हणाली, "मावशी, आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्येच तो बेस होता. आम्ही रोज बघत होतो." पाचवा दावा होता खटक्याचा: नरसाळं, खिट्टी, ताणलेली स्प्रिंग. त्याच्यासारखं जुनं काही परीक्षकाला सापडलं नव्हतं. तिथे आक्षेप वेगळाच होता. "हलका स्पर्श" म्हणजे किती हलका? आकडा सांगा.

मैत्रिणींनो, याला म्हणतात पहिला परीक्षण अहवाल. हा निकाल नाही. जवळपास प्रत्येक अर्जाला असा अहवाल येतो. त्यावर उत्तर द्यायला अहवालाच्या तारखेपासून ६ महिने मिळतात, आणि ती मुदत संपायच्या आत फी भरून मागितली तर आणखी ३ महिन्यांपर्यंत वाढवून मिळू शकते. उत्तर दिलं की परीक्षक पुन्हा बघतो. शंका राहिली तर सुनावणी मिळते, तीही आता व्हिडिओवर होते. निर्णय नियंत्रक देतो. तो पटला नाही तर हायकोर्टात दाद मागता येते. पण उत्तरच दिलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. कुणी नापास करत नाही, आपणच पेपर कोरा देतो.

हे ऐकताना आमच्यातली एक जण गप्प झाली होती. तिचं गाव बुडिताखाली गेलं. वैनगंगेवर हे धरण झालं. १९८८ ला पायाभरणी, मग ३३ दरवाजांची ही भिंत, आणि तिच्या मागे आमची शेतं, घरं, देवळं. तेव्हा घरोघरी नोटिसा आल्या. तिच्या सासऱ्यांना मोबदला कमी वाटत होता. वाढीव मोबदल्यासाठी अर्ज करायला मुदत होती. पण सरकारी कागद म्हणजे संकट, असं धरून त्यांनी ती नोटीस घडी करून लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली ठेवली. शेजाऱ्यांनी अर्ज केले. हिच्या घरची तारीख टळली. ती म्हणाली, "नकार कुणी दिलाच नव्हता. आम्ही विचारलंच नाही." त्या दिवशी बैठकीत कुणी फार बोललं नाही. पण ताईंनी डोळे पुसून तो गठ्ठा पिशवीतून पुन्हा बाहेर काढला.

कागदाची तारीख काय करते, त्याच्या दोन गोष्टी आम्हाला या निमित्ताने कळल्या. पहिली हळदीची. १९९५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. आपल्या आज्या जे कायम करत आल्या ते! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्यांच्या संस्थेने आव्हान दिलं. पण "आमच्याकडे पूर्वीपासून करतात" एवढ्याने भागलं नाही. जुने छापील पुरावे, ३२ संदर्भ, शोधून द्यावे लागले. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. लिहून ठेवलेलं सापडलं म्हणून हळद सुटली.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ साली आपल्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते बी निवडून जपलं, वर्षानुवर्षं पेरून पाहिलं. त्यातून आलं एचएमटी. आज तो तांदूळ आपल्या ताटात असतो. देशभर लोकांनी त्यावर पैसा कमावला. दादाजींच्या वाट्याला मानसन्मान आले, पैसा फार थोडा आला. २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा घरची परिस्थिती हलाखीचीच होती. बियाण्याला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. शेतकऱ्याच्या वाणाची नोंद करायला २००१ चा वेगळा कायदा आहे. पण दादाजींचं बी शेतांतून पसरलं तेव्हा तो कायदाही नव्हता.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली: अर्ज करायच्या आधी दाखवू नका. या मुलींच्या वर्गातल्या मुलांना यंत्राचा व्हिडिओ करून सगळीकडे टाकायचा होता. यांनी थांबवलं. आपलाच व्हिडिओ आपल्याच अर्जाच्या आड येतो. परीक्षक म्हणतो, हे तर आधीच जगाला माहीत होतं. गावच्या प्रदर्शनात मांडलेली वस्तू, मोबाईलवर टाकलेला फोटो, सगळं त्यात येतं. सगळं तयार नसेल तर आधी तात्पुरता अर्ज करता येतो. तारीख लागून जाते आणि पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

दुसरी: पहिल्याच दिवशी सगळं लिहा. नंतर दावे कमी करता येतात, आवळता येतात, पण मूळ अर्जात नसलेलं नवं काही घालता येत नाही. खटक्याला किती जोर लागतो, त्याचा आकडा मुलीने वर्णनात लिहिला होता. अर्ज लिहून देणारा म्हणत होता, एवढी बारीकसारीक माहिती कशाला? ती अडून बसली, म्हणून आकडा राहिला. आता परीक्षकाने विचारल्यावर ती त्या पानावर बोट ठेवू शकली. आणि हो, अर्जात शोधकर्त्याचं नाव वेगळं लिहायचं असतं. अर्जदार कुणीही असो, शोध ज्या मुलीने लावला तिचं नाव तिथे आहे ना, हे बघून घ्या.

उत्तर लिहिताना दोघींनी पहिला दावा सोडला. दुसऱ्यावर वाद घातला नाही. पाचवा दावा पुढे आणून तोच पहिला केला, आकड्यासकट. सीमा लहान झाली. ताईंना वाईट वाटलं, "एवढंसंच उरलं?" मुलगी म्हणाली, "आई, चुंबक आमचा नव्हताच. खटका आमचा आहे."

उत्तर मुदतीच्या ४० दिवस आधी गेलं. आता सुनावणीची वाट आहे. मिळेल की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. मिळालं तरी तेवढ्याने पैसे येत नाहीत. कुणीतरी ते यंत्र घ्यावं लागतं. पेटंट जिवंत ठेवायला पुढे दरवर्षी फीही भरावी लागते. मिळाल्यावर वर्षभर कुणी हरकत घेऊ शकतं. आणि भारताचं पेटंट भारतापुरतंच असतं. हे सगळं आम्ही ताईंना स्पष्ट सांगितलं आहे. कर्जाचे हप्ते त्या दुधाच्या पैशातून वेळेवर भरत आहेत.

आमच्या गटाने मात्र एक नवी सवय लावून घेतली. वहीत हप्त्यांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला आहे, "मुदतीचे कागद". कुणाच्याही घरी नोटीस आली, मग ती बँकेची असो, जमिनीची असो की शाळेची, तिची शेवटची तारीख तिथे लिहायची आणि दर बैठकीला वाचायची. पहिल्याच महिन्यात त्या रकान्यात सात तारखा आल्या. त्यातली एक, साड्यांच्या खाली निघालेल्या कागदाची. ती तारीख कधीच गेलेली होती, तरी तिने लिहायला सांगितली.

तुमच्याही घरात एखादं न उघडलेलं पाकीट असेल. आज रात्री भांडी आवरली की काढा, तारीख वाचा, आणि समजलं नाही तर घेऊन या. आपण मिळून वाचू.